कुत्रा शी खातो, त्याचं काय करायचं?

डॉक्टरांकडे कुत्रा घेऊन गेलेली माणसं ही तक्रार सगळ्यात शेवटी काढतात. लस टोचून झालेली असते, गोचिडांचं बोलून झालेलं असतं, नखं कापून झालेली असतात. मग निघता निघता आवाज खाली आणून कुणीतरी म्हणतं, "अजून एक विचारायचं होतं. हा ना, शी खातो. स्वतःचीच." डॉक्टरांना यात काडीचंही नवल वाटत नाही. सांगणाऱ्याला मात्र एकाच वेळी किळस आलेली असते आणि आपलं काहीतरी चुकतंय अशी टोचणीही लागलेली असते. किळस राहणारच, तिला इलाज नाही. टोचणी बहुतेक वेळा फुकटची असते.

हा प्रकार किती सर्रास आहे ते आधी पाहू. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक शाखेतल्या बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फक्त याच सवयीवर दोन सर्वेक्षणं केली. कुत्रे पाळणाऱ्या सुमारे ३,००० जणांची उत्तरं त्यांत होती आणि निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. आपला कुत्रा शी खाताना किमान सहा वेळा पाहिलाय, असं सांगणारे साधारण १६ टक्के निघाले. म्हणजे दर सहा कुत्र्यांमागे जवळपास एक. खरी गंमत पुढेच आहे. शी खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या कुत्र्यांच्या वयात फरक सापडला नाही, आहारातही नाही. बाहेर जाऊन शी करायला दोघेही सारख्याच सहजतेने शिकले होते, म्हणजे घाण ती घाण हे शी खाणाऱ्यालाही कळत होतं. फरक दिसला तो स्वभावात. वाडग्यात पडेल ते हावरटासारखं गिळणारे कुत्रे यात जास्त होते. आणि खाल्ली जाणारी शी बहुतेक वेळा ताजी, फार तर दोन दिवसांची असायची.

ही दोन दिवसांची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण हार्ट यांनी त्यावरूनच एक तर्क मांडला. कुत्र्याचे पूर्वज लांडगे. निरोगी लांडगा आपल्या गुहेजवळ घाण करत नाही, लांब जातो. पण आजारी, म्हातारं किंवा लंगडणारं जनावर तेवढं लांब कुठून जाणार? त्याची शी गुहेच्या तोंडाशीच पडणार. जंतांची अंडी शीतून बाहेर पडली की लगेच कुणाला लागण करू शकत नाहीत. त्यांच्यात अळी तयार व्हावी लागते आणि त्याला काही दिवस जातात, काही जंतांच्या बाबतीत दोन आठवड्यांहून जास्त. तेव्हा ताजी असतानाच कुणी ती खाऊन टाकली, तर पिल्लांच्या वाटेतला धोका अळ्या तयार होण्याआधीच गेला. हा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण ताजी शी खाणारा कुत्रा वाळलेल्या शीकडे ढुंकूनही का पाहत नाही, याची संगती त्यातून लागते.

कुत्री व्याली की हीच गोष्ट उघड्यावर दिसते. जन्मल्यावर पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना आपली आपण शी-शू करता येत नाही. आई एकेकाला नाकाने उताणं करते, शेपटीखाली आणि पोटाखाली जिभेने जोरजोरात चाटते, त्या चाटण्याने पिल्लू मोकळं होतं आणि आलेलं सगळं आई तिथल्या तिथे गिळून टाकते. म्हणून आठ-दहा पिल्लांची वीण असली तरी पहिल्या दिवसांत अंथरूण कोरडं असतं. तिथे कुणी तोंड वाकडं करत नाही, उलट किती छान आई आहे म्हणून कौतुक होतं. पिल्लं रांगत बाहेर जायला लागली, वरचं खायला लागली, की आई हळूहळू हे काम सोडते.

प्राण्यांच्या जगात यात जगावेगळं काही नाही. सशाला तर आपल्या विशिष्ट मऊ लेंड्या पुन्हा खाव्याच लागतात, नाहीतर त्याचं पोषण अर्धवट राहतं. घोड्याची शिंगरं आईची लीद खातात आणि त्यातून पचनाला लागणारे जिवाणू मिळवतात. कुत्र्याचं तसं नाही. निरोगी, पोटभर खाणाऱ्या कुत्र्याचं शीवाचून काहीही अडत नाही. म्हणून त्याचं खाणं थांबवलं तर आपण त्याच्याकडून काही हिरावून घेत नाही.

आधी आजार नाही ना, ते बघा

"त्याच्या अंगात काहीतरी कमी आहे म्हणून खातो" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. मग कुणी कॅल्शियम सुचवतं, कुणी व्हिटॅमिनची बाटली. चांगला, समतोल आहार मिळणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत हे क्वचितच खरं असतं. मात्र त्या वाक्यात थोडं तथ्य आहे, ते असं: काही कुत्र्यांच्या बाबतीत वाडग्यात पडलेलं अन्न अंगी लागतच नाही, किंवा एखाद्या आजाराने त्यांना अघोरी भूक लागते. असा कुत्रा मिळेल ते खातो आणि शी सगळ्यात जवळ असते.

संशय कधी घ्यायचा? पिल्लू असल्यापासून खातोय, वजन चांगलं आहे, शी बांधलेली आहे, खेळतोय, तर आजाराची शक्यता कमी. पण मोठा कुत्रा, आजवर कधी तोंड लावलं नाही आणि आता अचानक सुरू झालं, तर आधी डॉक्टर. भरपूर खाऊनही बरगड्या दिसायला लागल्या, पाणी पिणं आणि लघवी वाढली, पोट सुटलं, केस विरळ झाले, यांतलं काहीही जोडीला असेल तर वाट पाहू नका.

यातला एक आजार मुद्दाम सांगतो, कारण तो ओळखता येण्यासारखा आहे. स्वादुपिंडातून पचनाचे रस निघतात. ते पुरेसे निघेनासे झाले की चरबी न पचता तशीच बाहेर पडते. शी मग प्रमाणाबाहेर मोठी, मऊ, फिकट पिवळसर आणि तेलकट होते, वासही वेगळाच येतो. कुत्रा सारखा खातो आणि तरी वाळत जातो. जर्मन शेफर्ड जातीत हा आजार विशेष दिसतो. अशी शी कुत्र्याच्या दृष्टीने अर्धं अन्नच असते, तिच्याकडे तो वळला तर दोष कुणाला द्यायचा! टीएलआय नावाच्या रक्ताच्या एका तपासणीत निदान होतं. जे रस शरीर तयार करत नाही ते भुकटीच्या रूपात रोजच्या जेवणात कालवून द्यावे लागतात, तेही आयुष्यभर. पण औषध लागू पडलं की फरक स्पष्ट दिसतो.

बाकीची कारणं थोडक्यात. जंत हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त आढळणारं कारण. मधुमेह आणि कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक प्रमाणाबाहेर वाढणं) या आजारांत भूक बेसुमार वाढते. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड आणि झटक्यांसाठी दिलं जाणारं फेनोबार्बिटल यांनीही भूक खवळते, तेव्हा एखादं औषध सुरू झाल्यावर ही सवय लागली असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नका. म्हातारपणी माणसासारखीच कुत्र्याचीही स्मृती आणि समज ढासळते, त्यातही हे दिसतं. आणि कधीकधी कारण इतकं साधं असतं की लाज वाटावी: पिल्लू वाढलं, पण वाडग्यातलं माप तेच राहिलं. कुत्रा उपाशी होता, एवढंच.

तपासणीला शी न्यायची तर ताजी, चमचाभर, झाकणाच्या डबीत न्या. आणि कुत्रा दुसऱ्या प्राण्यांची शी खात असेल तर तेही सांगाच. बकरीच्या किंवा सशाच्या लेंड्या खाल्ल्या तर त्यांच्यातल्या परजीवींची अंडी कुत्र्याच्या पोटातून नुसती पार होऊन बाहेर येतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. माहिती नसेल तर नसलेल्या आजाराचा इलाज सुरू व्हायचा.

आपणच लावलेली सवय

आजार नाही असं ठरलं की उरतो स्वभाव आणि सवय. पिल्लू जग तोंडाने तपासतं. चप्पल, दगड, पान, शी, सगळं एकाच रांगेत. त्यात शी मऊ, कोमट आणि वासाची, म्हणजे रांगेत पहिला नंबर. बहुतेक पिल्लांचं हे वेड वर्षाच्या आत आपोआप ओसरतं, जर मधल्या काळात आपण ते पक्कं केलं नाही तर. आणि पक्कं करायला आपण फार मदत करतो.

पहिली मदत शिक्षेची. पिल्लाने घरात शी केली की मान धरून त्याचं नाक त्यात घासायचं, ही जुनी आणि अत्यंत वाईट पद्धत अजून गेलेली नाही. "इथे करायचं नाही" हे पिल्लाला यातून कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की शी आणि माणूस एकाच जागी आले की मार बसतो. माणसाला घरातून घालवणं त्याच्या हातात नाही. शी घालवणं आहे. काही पिल्लं सोफ्यामागे जाऊन करायला लागतात, काही करून लगेच संपवतात. मालकाला वाटतं, हल्ली घरात करत नाही.

दुसरी मदत धावपळीची. कुत्र्याने तोंड खाली नेलं की आपण "अरे ए! सोड! सोड!" करत धावतो. कुत्र्याच्या बाजूने हे दृश्य पाहा. मघापर्यंत ती एक बरी वस्तू होती. आता तुम्ही जिवाच्या आकांताने तिच्यासाठी धावताय, म्हणजे ती नक्कीच फार मोलाची असणार आणि तुम्हाला ती हवी असणार. तो दुप्पट वेगाने गिळतो. पुढच्या वेळी तुम्ही हलायच्या आतच गिळतो. दिवसभर ज्याच्याकडे कुणी पाहिलं नाही अशा कुत्र्याला तर या पळापळीत खेळही सापडतो.

कंटाळा हा तिसरा भाग. छोट्या जागेत तासन्‌तास कोंडलेला, करायला काही नसलेला, नुसता पडून असलेला कुत्रा समोर आहे त्याच्याशी काहीतरी करणारच. अशा कुत्र्याला फिरणं, हुंगायला वेळ, चावायला काहीतरी टिकाऊ आणि डोकं लढवून मिळवायचं खाणं दिलं तर फरक पडतो. घरात एकाहून जास्त कुत्रे असतील तर बहुधा एकजण बेरकी असतो आणि दुसऱ्याच्या मागे उभा राहून वाट पाहतो. तो आजारी नाही, त्याची जागा फक्त सोयीची आहे.

अननस, भुकटी आणि तिखट

जेवणात अननस घाला, लाल भोपळा घाला, मांस मऊ करायची पूड घाला, म्हणजे शीची चव बिघडेल आणि कुत्रा तोंड लावणार नाही, असे सल्ले सगळीकडे मिळतात. याच कामाच्या तयार भुकट्या आणि गोळ्याही विकत मिळतात. हार्ट यांच्या दुसऱ्या सर्वेक्षणात अशी ११ उत्पादनं वापरलेल्या मालकांना थेट विचारलं होतं. यश ० ते २ टक्के. इतक्या कुत्र्यांनी तर काही न करताही सवय सोडली असती.

मुळात जी वस्तू आपल्या कल्पनेपलीकडे बेचव आहे ती आणखी बेचव करून कुत्र्याचं मन वळवायचं, हा बेतच अवघड. शिवाय भुकटी तुमच्या कुत्र्याच्या जेवणात पडते, शेजारच्या कुत्र्याच्या नाही. तिखटपूड किंवा झणझणीत सॉस शीवर टाकण्याचा सल्ला देणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. शीपर्यंत चालत गेलात, वाकलात, पूड भुरभुरलीत. मग उचलायला काय हरकत होती? काही कुत्रे पूड असलेली आणि नसलेली शी वासावरून वेगळी ओळखायला शिकतात, काही तिखटासकट खातात आणि मग पोट बिघडवून घेतात.

त्याच सर्वेक्षणात आणखी एक निराश करणारी गोष्ट होती. नुसतं ओरडून, आज्ञा देऊन, गळ्यातल्या विजेच्या पट्ट्याने सवय मोडायचे प्रयत्नही भुकट्यांच्या फारसे पुढे गेले नव्हते. माझ्या मते याचा अर्थ एकच निघतो. लढाई कुत्र्याच्या जिभेशी नाही आणि त्याच्या नीतिमत्तेशी तर नाहीच नाही. शी जमिनीवर पडल्यापासून पिशवीत जाईपर्यंतच्या पंधरा-वीस सेकंदांत ती त्याच्या तोंडाला लागू द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात आहे. आणि ते नेमाने केलं तर पुष्कळ झालं.

ते पंधरा-वीस सेकंद

पिल्लू खाल्ल्यानंतर साधारण पंधरा ते तीस मिनिटांत शी करतं. झोपून उठल्यावर आणि खेळून झाल्यावरही करतं. मोठ्या कुत्र्याचं वेळापत्रक त्याच्या जेवणाच्या वेळांवर ठरतं. म्हणून पहिलं काम जेवणाच्या वेळा बांधण्याचं. दिवसभर भरलेला वाडगा समोर असेल तर शी केव्हाही होणार आणि तुम्ही केव्हाही गैरहजर असणार. ठरल्या वेळी खाल्लं की ठरल्या वेळी बाहेर न्यायचं, आणि न्यायचं ते पट्टा लावूनच. स्वतःच्या कुंपणाच्या आत असलात तरी पट्टा. एकट्याला सोडून दार लावून घेतलं की त्या दिवसाचा खेळ कुत्र्याने जिंकला.

आता बारकाईने. कुत्रा हुंगायला लागतो, गोल गोल फिरतो, पाठ कमानीसारखी करतो. तेव्हा तुम्ही त्याच्या तोंडाच्या बाजूला, दोन पावलांवर उभे राहा. मागे उभे राहिलात तर तो तुमच्याकडे वळताना शीकडेच वळेल. हातात खाऊ आधीच काढून ठेवा. पिशवीत चाचपडत बसलात तर वेळ गेली. खाऊ रोजचा नको, इतर कधीच न मिळणारा हवा, उकडलेल्या चिकनचा बारका तुकडा किंवा तसंच काही, कारण स्पर्धा कशाशी आहे ते आपल्याला माहीत आहे. त्याचं चालू असताना हाक मारू नका. मध्येच उठेल आणि अर्धवट राहील. पाठ सरळ होऊ लागली, शेपटी खाली आली, की त्याच क्षणी आनंदी आवाजात नाव घ्या आणि दोन-चार पावलं मागे सरका. मान वळवून शी हुंगायला तो जातो तो बरोबर याच क्षणानंतर. तुमच्याकडे आला की खाऊ द्या, एक नाही, लागोपाठ तीन-चार बारीक तुकडे. त्यांतला एखादा पायाशी टाका, म्हणजे नाक खाली घालायची त्याची हौसही भागेल. तो खात असताना पट्टा आखूड धरा, शी उचला आणि पिशवीला गाठ मारा.

पट्टा ओढून त्याला शीपासून खेचू नका. खेचाखेचीत पुन्हा तीच किमती वस्तूची भावना येते. सुरुवातीला दुसरं माणूस बरोबर असेल तर उत्तम, एकाने कुत्रा सांभाळायचा, एकाने उचलायचं. काही आठवडे हे रोज, प्रत्येक शीला झालं, की एक दिवस कुत्रा शी करून उठतो आणि हाक मारायच्या आधीच तुमच्याकडे बघतो. तो बदल लहान दिसतो, पण तोच हवा होता. लगेच खाऊ बंद करू नका. आधी पट्टा थोडा लांब करा, मग मोकळ्या जागेत लांब दोरीवर पाहा, मग कधीतरी सोडून.

"सोड" किंवा "नको" हा शब्दही शिकवून ठेवावा, पण शीवर शिकवू नये. घरात मुठीत साधा खाऊ बंद करून कुत्र्यासमोर धरा. तो चाटेल, पंजा मारेल, कुरकुरेल. तुम्ही गप्प राहा. कंटाळून नाक मागे घेतलं की "शाब्बास" म्हणून दुसऱ्या हातातून त्याहून चांगला खाऊ द्या. मुठीतला कधीच देऊ नका. हे जमलं की मूठ उघडी ठेवून, मग खाऊ जमिनीवर ठेवून, मग बाहेर एखाद्या कागदाच्या तुकड्यावर. शीवर वेळ येईपर्यंत शब्द चांगला मुरलेला पाहिजे. आणि मुरला तरी त्यावर विसंबून तुम्ही फोन बघत उभं राहू नका.

अंगणातली शी रोज दोनदा उचला. दोन कुत्रे असतील तर बाहेर नेताना खाणाऱ्याला बांधलेलं ठेवा आणि दुसऱ्याचं उरकलं की आधी साफ करा. रात्री घरात करून खात असेल तर रात्रीचं जेवण थोडं अलीकडे घ्या आणि झोपायच्या आधीची फेरी चुकवू नका.

घरात मांजर असेल तर वेगळाच पेच. मांजराच्या खाण्यात प्रथिनं आणि चरबी जास्त, त्यामुळे तिची शी कुत्र्याला भलतीच आवडते. इथे शिकवायच्या फंदात न पडता अडवायचं. वाळूचा ट्रे अशा खोलीत ठेवा जिचं दार मांजर जाईल एवढंच उघडं राहील, किंवा मध्ये आडवं फाटक लावा ज्यावरून मांजर उडी मारेल. ट्रे रोज साफ करा. गोळे होणारी वाळू कुत्र्याने शीबरोबर बरीच गिळली तर आतडं तुंबू शकतं.

फिरायला नेताना बाहेरच्या शीवर झडप घालणाऱ्या कुत्र्यासाठी जाळीचं मुसकं हा मार्ग आहे. जाळी एवढी मोठी हवी की आत तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल. कापडी, तोंड आवळून टाकणारं मुसकं चालत नाही, कुत्रा घामाऐवजी धापांनीच गार होतो. मुसक्याची सवयही खाऊ आत लावून, नाक आपणहून घालू देऊन हळूहळू लावायची. एक इशारा: हट्टी कुत्रा मुसक्यासकट तोंड शीत दाबतो आणि मग जाळीतून येईल तेवढं चाटत बसतो. ते धुवायचं काम तुमच्याकडे येतं. पुढच्या बाजूला बंद झडप असलेली मुसकी याचसाठी असतात.

खाल्लीच तर

निरोगी, लसी आणि जंतांचं औषध वेळेवर घेतलेल्या कुत्र्याने स्वतःची ताजी शी खाल्ली तर त्याला सहसा काही होत नाही. जे होतं त्याच्याच पोटात होतं, तेच परत गेलं. दुसऱ्यांच्या शीचं तसं नाही. गोलकृमी, अंकुशकृमी, चाबूककृमी हे जंत आणि जिआर्डिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी यांची लागण तिथून होते, आणि लसी पूर्ण न झालेल्या पिल्लाला पार्वो या जीवघेण्या विषाणूचा धोका असतो. त्यात जुनी शी ताजीपेक्षा वाईट, कारण तिच्यातल्या अळ्या तयार झालेल्या असतात. औषध दिलेल्या जनावरांची शी हा आणखी एक धोका. जंतांसाठी आयव्हरमेक्टिन दिलेल्या घोड्याची लीद खाऊन कोली आणि त्यांच्या जवळच्या जातींचे कुत्रे विषबाधेने आजारी पडू शकतात, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच कुत्र्यांत असा जनुकीय दोष असतो की हे औषध मेंदूत शिरतं. खाल्ल्यानंतर उलट्या, रक्ताचे जुलाब, मलूलपणा, झोकांड्या किंवा डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या दिसल्या तर तडक डॉक्टरांकडे, आणि काय खाल्लं ते माहीत असेल तर सांगा.

एरवी उलटी करवायला जाऊ नका. रागावूही नका, आता रागावून त्याला काहीच कळणार नाही. पाणी प्यायला द्या, तोंडाचा बाहेरचा भाग ओल्या फडक्याने पुसा, थोडा वेळ काहीतरी चावायला द्या. दात घासायचे असतील तर कुत्र्यांचीच पेस्ट वापरा. माणसांच्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्यांना विषारी आहे.

घरच्या माणसांनी थोडं सांभाळायचं. शी खाणाऱ्या कुत्र्याला तोंड चाटू देऊ नका, विशेषतः लहान मुलांचं. त्याच्याशी खेळल्यावर हात साबणाने धुवा. कुत्र्यातल्या गोलकृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली तर अळ्या शरीरात भटकतात, डोळ्यापर्यंतही पोचू शकतात, आणि मातीत खेळणाऱ्या मुलांना हा धोका जास्त. पिल्लांना दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी जंतांचं औषध देतात, पुढे महिन्याने, आणि मोठेपणी साधारण तीन महिन्यांनी. शी खाणाऱ्या कुत्र्याला ते आणखी लवकर लागेल का, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

किती दिवसांत सुटेल, हा प्रश्न राहतो. पिल्लाच्या बाबतीत बहुधा सुटतं, आणि लवकर सुटतं. चार-पाच वर्षं मनसोक्त खाल्लेल्या कुत्र्याची ओढ पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. त्याला कायम पट्ट्यावर नेणं, तो उठला की खाऊ देणं आणि लगेच उचलणं, हाच त्याचा इलाज, आणि शी तर तुम्ही एरवीही उचलणारच होता. महिनाभर छान गेल्यावर एखाद्या दिवशी तुमचं लक्ष नसताना त्याने डाव साधला, तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. पट्टा पुन्हा आखूड करा, दोन-तीन आठवडे मोकळं सोडू नका. आणि सगळं नेमाने करूनही तो एकटा राहिला की दारं ओरबाडतो, रडतो, तुम्ही नसतानाच शी करून खातो असं दिसलं, तर प्रश्न शीचा राहिलेला नाही. तो एकटेपणाच्या भीतीचा आहे, आणि त्यासाठी कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास असलेल्या पशुवैद्याला दाखवावं लागेल.